गाणी राहिली, गाण्यांचे कारण गेले

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी मुलांना बाहेर सोडण्याची सोय नसते, म्हणून गेल्या रविवारी सात वर्षांच्या नातीला घेऊन कूलरसमोर बसले आणि ‘द किंग अँड आय’ हा १९९९ सालचा अ‍ॅनिमेशनपट पाहिला. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकन संगीतकार-गीतकार जोडीचे मूळ संगीत नाटक १९५१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले आणि त्याचे १,२४६ प्रयोग झाले. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजपुत्रांना शिकवायला आलेली अ‍ॅना आणि तिथला हट्टी पण जिज्ञासू राजा यांच्यातले खटके हा त्याचा गाभा आहे. (खरी अ‍ॅना लिओनोवेन्स १८३१ साली आपल्या अहमदनगरला जन्मली, हे मराठी प्रेक्षकांनी जरूर लक्षात ठेवावे.)

नाटकात बँकॉकला पोचलेल्या बोटीवर अ‍ॅनाचा लहान मुलगा धास्तावलेला असतो आणि भीती वाटली की मी शिट्टी वाजवते, असे ती त्याला गाऊन सांगते. भीती परक्या मुलखाची आहे, ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर ते गाणे लागते. चित्रपटात त्याच प्रसंगी दुष्ट प्रधानाच्या जादूने समुद्रातून भला मोठा ड्रॅगन वर येतो. माझी नात चटकन म्हणाली, “आजी, एवढा मोठा राक्षस आला अन् ही शिट्टी काय वाजवून राहिली?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या संगीत नाटकात पद प्रसंगातून उगवते; प्रसंग बदलून पद तसेच ठेवले, तर ते उपरे वाटू लागते.

पुढेही हेच घडते. ब्रह्मदेशाच्या राजाने नजराणा म्हणून पाठवलेली टपटिम मूळ नाटकात दुसऱ्यावरच्या प्रेमाची किंमत मोजते; इथे ती थेट युवराजाची प्रेयसी होते. गुलामांच्या हालांवरच्या अमेरिकन कादंबरीतली ‘अंकल टॉम’ची गोष्ट सयामी नृत्यातून सांगून राजासमोर गुलामगिरीचा निषेध करण्याचा तिचा प्रवेश पूर्ण गाळला आहे. राजाचा मृत्यूही टाळला आहे, त्यामुळे बापाच्या मृत्युशय्येशेजारी युवराज लोटांगणाची प्रथा बंद करतो तो क्षणच हरवतो. मुलांना दुःख सोसत नाही, ही समजूत मला मान्य नाही. हीच मुलगी वसंतराव देशपांडे सभागृहात संगीत नाटकाला तीन तास माझ्याजवळ बसली होती आणि नायकाच्या दुःखाने रडलीही होती.

रंगसंगती आणि माकड, हत्ती, काळा बिबट्या या प्राण्यांची धमाल पाच-सहा वर्षांच्या मुलांना आवडेल, आणि चाली इतक्या पक्क्या आहेत की त्या कानात राहतातच. प्रधानाचा दात पडत राहणारा नोकर मात्र मला मुळीच रुचला नाही. आशियाई माणसाचे असे व्यंगचित्र मुलांच्या मनात रुजू नये. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना मी याऐवजी याच नाटकावरचा, युल ब्रिनर राजा झालेला १९५६ सालचा चित्रपट दाखवीन, आणि तो पाहताना शेजारी बसेन.