कॅबिनेट देखणं, आतली केबल मागच्या पिढीची

पाचपैकी तीन तारे देतेय. नुसत्या कॅबिनेटला साडेचार दिले असते, त्याच्यासोबत आलेल्या रायझर केबलला एकही नाही. सरासरी काढायला बसू नका, थोडा राग धरलाय त्यात.

वस्तू म्हणजे संगणकाचं, सँडविच पद्धतीचं छोटं मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराच्या मदरबोर्डचं) कॅबिनेट. मधोमध एक पत्रा. त्याच्या एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड. या रचनेत कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये जाऊच शकत नाही. पत्र्याखालून वळसा घेऊन जाणारी एक चपटी काळी पट्टी दोघांना जोडते, ती रायझर केबल. ती कारखान्यातूनच स्क्रूने बसवून येते आणि बॉक्सवर तिच्याबद्दल एवढंच छापलंय की एक्स१६ (सोळा मार्गिकांचा) रायझर सोबत आहे. कितव्या पिढीची, याचा पत्ता नाही.

माझं काम ब्लेंडरमधलं. फर्निचर बनवणाऱ्यांसाठी सोफे, कपाटं, दिवे यांची थ्रीडी चित्रं करते. आधीचं कार्ड याच डब्यात विनातक्रार चालत होतं. मोठ्या सीनला व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) अपुरी पडायला लागली म्हणून नवं कार्ड घेतलं, जेन ४ (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाची चौथी पिढी) आणि पूर्ण एक्स१६. बसवलं, ड्रायव्हर टाकला आणि त्याच संध्याकाळी पीसी गोठला.

आता ‘पीसी हँग होतो’ एवढंच सांगून कुणालाच काही कळत नाही. माझ्याकडे काय व्हायचं ते नीट सांगते. चित्र जागच्या जागी थांबायचं. माउसचा बाण हलायचा नाही. हेडफोनमध्ये गाण्याचा शेवटचा तुकडा टर्रर्र करत अडकून राहायचा. कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डवरचा दिवा लागायचाही नाही, विझायचाही नाही. आणि पंखे मात्र आपले निवांत फिरतायत! पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही.

यातला प्रत्येक तपशील कामाचा आहे. कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देतोय, गाणं पुढे चाललंय आणि फक्त पडदा काळा किंवा थिजलेला आहे, तर बहुतेक वेळा नुसता डिस्प्ले ड्रायव्हर बसलेला असतो. कार्डाकडून २ सेकंदांत उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच ड्रायव्हर पुन्हा उठवायला बघते आणि तशी ४१०१ क्रमांकाची नोंद करते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबूनही ड्रायव्हर रिसेट होतो. याउलट मशीन खटकन बंद पडत असेल किंवा आपोआप रिस्टार्ट होत असेल, तर आधी एसएमपीएसकडे (वीजपुरवठ्याच्या डब्याकडे) बघावं, कारण कार्डाने क्षणभर जास्त करंट ओढला की त्याचं संरक्षण सगळंच बंद करतं. माझं या दोन्हींत बसत नव्हतं. वीज होती, पण मशीन पूर्ण बधिर.

भाच्याने फोनवरच निकाल दिला, “मावशी, विंडोज परत मार.” ही पिढी दात दुखला तरी विंडोज परत मारेल. तरी त्याचं अर्धं ऐकलं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या सफाईच्या सॉफ्टवेअरने जुन्या ड्रायव्हरचा मागमूस पुसला, इंटरनेट बंद ठेवून नवा टाकला. फरक शून्य. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, रॅम स्वच्छ. कार्डाला दोन ८-पिन सॉकेट आहेत आणि ती एकाच केबलच्या दोन तोंडांनी भरली होती, तिथे एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल ओढल्या. ८-पिनची मर्यादा १५० वॅटची, म्हणून दोन्हींचा भार एकाच तारेवर नको, हे एरवीही करावंच. (केबल त्याच एसएमपीएसच्या घ्या. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर केबल तोंडात बसतात, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि मग कार्ड जळतं.) तरी गोठणं चालूच.

एक गोष्ट मात्र खटकत होती. फरमार्क (कार्डाला मुद्दाम ताण देणारं सॉफ्टवेअर) लावला, कार्ड पूर्ण तापलं, पूर्ण वॅट खाल्ले, काही झालं नाही. ब्लेंडरमध्ये लांबलचक रेंडर लावला, तोही सुखरूप पार पडला. आणि ब्राउझरमध्ये पान सरकवताना, व्हिडिओ सुरू करताना, जड टेक्श्चरचा सीन उघडताना मशीन धाडकन गार. म्हणजे कष्टाच्या कामाला हूं की चूं नाही आणि किरकोळ कामात राम म्हणतं. उष्णता किंवा वीज कमी पडत असती तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. तिथे लाल रंगातली ‘कर्नल-पॉवर ४१’ सगळ्यांना दिसते आणि सगळे तिच्याच मागे लागतात. ती नोंद काहीच सांगत नाही. मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ती पुढच्या वेळी सुरू होताना लिहिते. पॉवर बटण दाबून बंद केलं की ती येणारच. खरी माहिती तिच्या आधीच्या पिवळ्या त्रिकोणांत होती. स्रोत ‘व्हिया-लॉगर’, क्रमांक १७, मजकूर असा की दुरुस्त केलेली हार्डवेअर चूक घडली, आणि घटक म्हणून पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचं नाव. एकाखाली एक, ओळीने. सगळ्या नव्या कार्डानंतरच्या, त्याआधीची एकही नाही.

रूट पोर्ट म्हणजे प्रोसेसरच्या बाजूचं ते टोक, जिथून कार्डाशी बोलणं चालतं. या मार्गावर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटासोबत तपासणीचा आकडा असतो. पाकीट वाटेत बिघडलं की पलीकडचा ते नाकारतो आणि पुन्हा मागवतो. म्हणून ती ‘दुरुस्त केलेली’ चूक. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. पण मार्गच खराब असेल तर एखाद्या वेळी पुन्हा मागवूनही धड काही येत नाही, दुवा तुटतो, आणि प्रोसेसर कार्डाच्या उत्तराची वाट बघत बसतो. तो टर्रर्र आवाज तेव्हाचा.

मग किरकोळ कामातच का? याचं उत्तर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसलं. त्यात ‘बस इंटरफेस’ नावाची चौकट असते. कार्ड रिकामं असताना तिथे वेग १.१ दिसतो, म्हणजे वीज वाचवायला दुवा पहिल्या पिढीच्या वेगावर उतरलेला. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी सुरू केली की तोच आकडा ४.० वर चढतो. ब्राउझर, व्हिडिओ, सीन उघडणं या कामांत दुवा सारखा वर-खाली करतो आणि वर गेला की त्यावरून डेटाही भरपूर वाहतो. फरमार्कमध्ये किंवा लांब रेंडरमध्ये वेग एकदा चढला की चढला, आणि सगळं सामान व्हीरॅममध्ये पोचलं की या मार्गावर फारशी वर्दळच उरत नाही. कार्ड घाम गाळतंय, पण पट्टी जवळपास रिकामी.

संशय पट्टीवर आला, तर ती वगळून बघायला हवी, आणि इथे या कॅबिनेटची रचना अंगावर येते. साध्या टॉवरमध्ये दोन मिनिटांचं काम. इथे एसएमपीएस काढा, कूलर सांभाळा, मदरबोर्ड बाहेर घ्या. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, कार्ड थेट स्लॉटमध्ये खोचलं, पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मशीन सुरू केलं. टेबलावर उघडंनागडं यंत्र मांडून दिवसभर काम केलं, मुद्दाम जड सीन उघडले, बंद केले. एकदाही गोठलं नाही. पिवळे त्रिकोणही थांबले.

पट्टी सुटी झालीच होती म्हणून उलटून पाहिली. घडी जिथे पत्र्याखाली दडते, नेमक्या तिथे बारीक पांढऱ्या अक्षरात ‘३.०’.

सगळं इथेच जुळलं. जेन ३ मध्ये प्रत्येक मार्गिकेवर सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर, जेन ४ मध्ये १६. वेग दुप्पट झाला की तारेच्या दर्जाला, शील्डिंगला, जोडाला माफी उरत नाही. आणि पट्टी ही निव्वळ तार. तिच्यात चिप नसते, त्यामुळे ‘मी जेन ३ आहे’ हे ती कुणालाच सांगू शकत नाही. मदरबोर्ड आणि कार्ड आपापसांत ठरवतात, ‘तू जेन ४, मीही जेन ४, चल’, आणि मधल्या पट्टीला फरफटत नेतात. माझं जुनं कार्ड जेन ३ होतं, म्हणून वेग आपोआप ८ वरच राहायचा आणि पट्टीची लाज झाकली जायची.

याच कॅबिनेटचे ‘माझ्याकडे तर काहीच त्रास नाही’ म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे जेन ३ वरच थांबणारा बी४५० चा मदरबोर्ड असेल, किंवा रायझन ५६००जी सारखा प्रोसेसर, जो जेन ४ च्या बी५५० बोर्डावर बसवला तरी कार्डाला जेन ३ च देतो. इंटेलमध्ये डेस्कटॉपला जेन ४ अकराव्या पिढीपासून आलं, त्याआधीच्या प्रोसेसरवाल्यांनाही हे दिसणार नाही. त्रास होतो तो प्रोसेसर, बोर्ड, कार्ड हे तिन्ही जेन ४ चे असतील तेव्हाच.

उपाय फुकट आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स१६ स्लॉटचा वेग ‘ऑटो’ वरून ‘जेन ३’ करायचा. केला, सगळं परत डब्यात भरलं, आणि गोठणं बंद. रेंडरच्या वेळेत मला फरक जाणवला नाही. पूर्ण एक्स१६ कार्डाला जेन ३ वरही सेकंदाला सुमारे १६ जीबीचा रस्ता मिळतो. पण आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० सारखी कार्डं आठच मार्गिका वापरतात, त्यांचा रस्ता याच्या निम्मा होतो. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच मार्गिका, तिथे गेममध्ये चांगलाच फटका बसतो. अशा कार्डांना जेन ३ ची पट्टी म्हणजे मोठी शिक्षा आहे.

कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर, ड्रायव्हर अपडेट करा. पट्टीचा फोटो आणि नोंदींचे स्क्रीनशॉट पाठवल्यावर दुसरं उत्तर, बायोसमध्ये जेन ३ करा. म्हणजे त्यांना ठाऊक आहे! मग बॉक्सवर एक आकडा छापायला काय झालं? जेन ४ ची पट्टी ते वेगळी विकतात, बदलून देत नाहीत. तारे कापले ते यासाठी. पट्टी जुनी असण्याचा राग नाही, कॅबिनेटची रचना झाली तेव्हा जेन ३ च चालू असेल.

जेन ४ ची पट्टी मी शेवटी दुसरीकडून घेतली. ती जाड आहे, कमी वळते. वळवताना गोलाई राहू द्यायची, नखाने दाबून घडी पाडायची नाही, आणि दोन्ही टोकं खटका वाजेपर्यंत बसवायची. कार्ड स्लॉटमधून जी वीज घेतं ती याच पट्टीतून जाते, १२ व्होल्टवर ५.५ अँपियरपर्यंत, त्यामुळे अर्धवट बसलेलं टोक फक्त गोठण्यावर थांबेलच असं नाही. बसवल्यावर बायोस पुन्हा ऑटोवर नेला. एचडब्ल्यूइन्फो या हार्डवेअरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस एररची (या मार्गावरच्या चुकांची) ओळ असते, ती मी अजून उघडी ठेवते; आकडा शून्यच आहे.

बाकी कॅबिनेटबद्दल काय सांगू, आवडलंय. दोन्ही बाजूंना जाळी असल्याने कार्ड थेट बाहेरची हवा ओढतं. पत्रा जाड, कडा हाताला लागत नाहीत, बाजूची दारं स्क्रूशिवाय निघतात. छोट्या आकाराचा एसएफएक्स एसएमपीएसच लागतो आणि त्याच्या केबल कोंबायला जागा तोकडी आहे. पुढच्या यूएसबीची वायर तर इतकी कडक की मदरबोर्डचा सॉकेट उपटेल अशी भीती वाटते. धुळीच्या गाळण्या नाहीत, ब्रश जवळ ठेवा.

घेणार असाल तर जुनं कार्ड आत असतानाच बायोसमध्ये जेन ३ करून ठेवा, कार्ड नंतर बदला. नवं आधी बसवलंत आणि पडदाच उजळला नाही, तर बायोसमध्ये शिरायलाही मार्ग राहत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच मदरबोर्डच्या एचडीएमआयवर तार लावून निभावतं. बायोस अपडेट केला किंवा मदरबोर्डवरची सीमॉसची बॅटरी काढली की सेटिंग पुन्हा ऑटोवर जातं आणि गोठणं परत येतं, तेव्हा कार्ड बिघडलं म्हणून धावू नका. आणि आरटीएक्स ५० मालिकेतली कार्डं जेन ५ ची आहेत. जेन ५ च्या बोर्डावर त्यांच्यासाठी माझी ही नवी पट्टीसुद्धा जुनीच. तिथे बायोसमध्ये जेन ४ करायचं.