लिफ्ट केलेल्या जिम्नीचे स्टेअरिंग आणि कुडाळजवळचे एक गॅरेज

जिम्नी या ऑफ-रोड गाडीला २ इंचांची लिफ्ट (गाडी जमिनीपासून उंच करणारी जोडणी) बसवल्यापासून मुंबई-गोवा महामार्गावर ६० च्या पुढे गाडी सतत हातात धरून ठेवावी लागत होती. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नव्हते आणि सरळ रस्त्यावरही वाकडेच राहत होते. लिफ्ट बसवणाऱ्याने जाड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) सुचवला, म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवण्याचाच सल्ला दिला. एका अलाइनमेंटवाल्याने टो (पुढची चाके किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) जुळवून गाडी ठीक असल्याचे सांगितले. परंतु पुढे अखंड ॲक्सल असलेल्या या गाडीत कास्टर (स्टेअरिंगला आपणहून सरळ आणणारा, चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) जुळवण्याची मूळ सोयच नसल्याने त्याला त्यापलीकडे काही करता येण्यासारखे नव्हते.

कुडाळजवळच्या या गॅरेजातील मिस्त्रींनी आधी ओळंबा काढला. चासीच्या दोन्ही बाजूंनी तो सोडून त्यांनी ॲक्सल सुमारे १० मिलिमीटर बाजूला सरकल्याचे दाखवले. गाडी उचलली की ॲक्सलला चासीशी आडवा जोडणारा पॅनहार्ड रॉड अधिक तिरका होऊन ॲक्सलला बाजूला नेतो, तर ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे रेडियस आर्म झुकल्यामुळे ॲक्सल स्वतःभोवती फिरतो आणि कास्टर घटतो. माझ्या गाडीत तो जवळजवळ शून्यावर आला होता.

पॅनहार्ड रॉडचे ब्रॅकेट खाली घ्यावे, असा माझा आग्रह त्यांनी साफ नाकारला. हा रॉड आणि स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारी ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर असतील, तरच खड्ड्यात चाके वरखाली होताना स्टेअरिंगला झटका बसत नाही. एकाचाच कोन बदलला, तर नवे दुखणे सुरू होते. त्याऐवजी त्यांनी लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड आणि रेडियस आर्मला मध्यापासून सरकलेल्या छिद्राचे बुश (सांध्यातल्या रबरी बाह्या) बसवले, मग टो जुळवला आणि अगदी शेवटी ड्रॅग लिंकने स्टेअरिंग मध्यावर आणले. बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के आवळले, कारण अधांतरी आवळल्यास रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.

तक्रार एकच, पण खरी: दोन दिवसांचे काम चार दिवस चालले. खाऱ्या हवेने गंजलेले बोल्ट निघेनात हे मान्य, तथापि त्यांच्याकडे बुश दाबण्याचा प्रेसच नाही आणि आर्म बाहेर पाठवावे लागतात, हे आधी सांगायला हवे होते.

आता कास्टर दोन अंशांच्या आसपास आहे आणि आंबोली घाटात वळण संपताच स्टेअरिंग निमूट मध्यावर येते. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासण्यासाठी बोलावले असून, त्याची मजुरी घेणार नसल्याचे पावतीवरच लिहून दिले आहे.