गांधीलमाशा आणि बागेतलं लाकडी फर्निचर: रंगद्रव्य असलेल्या लाकूड-तेलाचा अनेक महिन्यांचा अनुभव

उघड्यावर ठेवलेल्या बाकाच्या पाठीवर, टेबलाच्या कडेला फिकट, लांबट रेघा दिसू लागल्या की पहिली शंका वाळवीवर जाते. पण थोडा वेळ शांत बसून पाहिलं, तर खरा प्रकार डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकूही येतो. गांधीलमाशी लाकडाच्या शिरांच्या दिशेने मागे मागे सरकत जबड्याने पृष्ठभाग खरवडत असते. ते तंतू लाळेत कालवून ती लगदा करते आणि त्यातून कागदासारखं घरटं उभं राहतं. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१९ मध्ये हेच पाहून, चिंध्यांऐवजी लाकडापासूनही कागद करता येईल, असं सुचवलं होतं. ही कारागिरी मला मनापासून आवडते. तिचा कच्चा माल माझ्या बाकावरून जाऊ नये, एवढीच इच्छा होती.

म्हणून माशा हाकलण्याचे उपाय मी विचारातच घेतले नाहीत. पुदिन्याच्या तेलासारखे वास उघड्या हवेत पटकन उडून जातात. आपण हात टेकतो, मुलं बसतात, त्या लाकडावर कीटकनाशक मारणं मला मान्य नाही. शिवाय याच माशा आपल्या पिलांसाठी झाडांवरच्या अळ्या उचलून नेतात, त्यामुळे बागेला त्यांचा उपयोग आहे. बदलायचं होतं ते लाकूड. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा भाग, तुटतं. पाऊस ते धुऊन नेतो आणि वर राखाडी, सैल तंतूंचा थर उरतो. माशीला तोच हवा असतो. घट्ट, तेल मुरलेल्या लाकडावर तिला सहज काही सुटत नाही.

बाक आणि टेबल मी रंगद्रव्य असलेल्या, बाहेरच्या वापरासाठीच्या लाकूड-तेलाने रंगवलं. एका खुर्चीला जवसाचं तेल दिलं आणि दुसरीला पारदर्शक वार्निश.

या कामात खरी मेहनत तेल लावण्याआधी आहे. मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुऊन लाकूड पूर्ण वाळू दिलं. जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने धुणं टाळा, त्याने तंतू उभे राहतात आणि लाकूड केसाळ होतं. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, शिरांच्या दिशेने, राखाडीपणा जाऊन खालचा मूळ रंग दिसेपर्यंत घासलं. राखाडी थर ठेवून वरून तेल लावलं, तर ते सैल तंतूंनाच लागतं आणि त्यांच्याबरोबर निघून जातं. पहिला हात लाकूड झपाट्याने पितं. काही मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्याने पुसून घ्यायलाच हवं, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहतो. कापलेली टोकं, पायांचे तळ आणि बैठकीची खालची बाजू यांना मी जास्तीचा हात दिला, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने आत शिरतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं, तेव्हा उष्णता निर्माण होते आणि बोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता निकाल. रंगीत तेलाच्या टेबलावर माशा येऊन बसतात, चार पावलं चालतात आणि उडून जातात. बाकावर नव्या रेघा फक्त हात टेकायच्या दांड्यांच्या टोकांवर आल्या, तिथे सततच्या घर्षणाने तेल विरलं होतं. जवसाच्या तेलाची खुर्ची सुरुवातीला सुरेख दिसली, पण रंगद्रव्य नसल्याने उन्हापुढे फारशी टिकली नाही. ती लवकर फिकी पडली, ओलसर बाजूला काळपट बुरशी धरली आणि माशाही परतल्या. वार्निशची खुर्ची सुरुवातीला सर्वांत सुरक्षित होती. पुढे सांध्यांपाशी थर तडकला, आत पाणी गेलं, पापुद्रे सुटले आणि उघडं पडलेलं लाकूड राखाडी होताच तिथेच खरवडणं सुरू झालं. तेल विरलं तर धुऊन, हलकं घासून पुन्हा एक हात देता येतो. वार्निश मात्र पूर्ण खरवडून काढावं लागतं. माझं मत पक्कं झालं आहे: उन्हापावसात राहणाऱ्या फर्निचरला रंगीत तेलच. उणीव एवढीच की लाकडाचा मूळ रंग थोडा गडद होतो आणि निगा चालू ठेवावी लागते.

पुढचा हात कधी द्यायचा हे पाण्याचा थेंब सांगतो. तो मण्यासारखा उभा राहिला तर थांबा, मुरून डाग पडला तर तेल आणा. घरटी बांधण्याचा हंगाम सुरू होण्याआधी हे उरकलं तर उत्तम. त्याच वेळी बैठकीखाली वाकून पाहा, कारण नवं घरटं आडोशाला, अगदी छोटं सुरू होतं.

आणि रेघांऐवजी बोटभर जाडीचं, नीट गोल भोक व खाली भुसा दिसला, तर ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं. ते भोक रिकामं असल्याची खात्री करून बुजवावं लागतं, नुसत्या तेलाने भागत नाही.