क्यूजीआयएसचा टेम्पोरल कंट्रोलर: सीमाभागाच्या नकाशावर सात महिने

काळानुसार बदलणारा नकाशा करायला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला टेम्पोरल कंट्रोलर (तारखेप्रमाणे नकाशा पुढे सरकवणारी सोय) पुरेसा आहे का? बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यापुरतं उत्तर हो असं आहे. पण निम्मा वेळ तारखांच्या रकान्यांत जातो, हे आधीच धरून चाला.

३.१४ आवृत्तीपासून (२०२०) तो आतच येतो, वेगळं प्लगइन लागत नाही. लेयर प्रॉपर्टीजमधल्या टेम्पोरल टॅबमध्ये सुरुवात आणि शेवट वेगळ्या रकान्यांतून घेण्याचा पर्याय निवडायचा. आता चंदगड तालुका बघा. लेयरच्या तक्त्यात त्याला एक ओळ पुरत नाही, तीन लागतात, प्रत्येकीला आपली सुरुवात आणि शेवट: आधी मुंबई राज्य, बेळगाव जिल्हा, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यच, पण कोल्हापूर जिल्हा, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. खानापूरला चार: मुंबई, १९५६ला म्हैसूर, १ नोव्हेंबर १९७३ला कर्नाटक आणि १ नोव्हेंबर २०१४ला जिल्ह्याचं सरकारी नाव बदललं त्याची एक. हद्द तसूभर हलली नाही तरी ओळ नवीच. नकाशावर मराठीत 'बेळगाव'च लिहायचं असेल तर सरकारी नाव आणि लेबल असे दोन रकाने ठेवा. एकाच रकान्यात दोन्ही कोंबले की नंतर निस्तरत बसावं लागतं.

शेवटच्या तारखेत ३१ ऑक्टोबर टाकू नका, एका दिवसाची फट पडते. १ नोव्हेंबरच टाका आणि त्याच टॅबमधल्या लिमिट्समध्ये शेवट वगळण्याचा पर्याय ठेवा. चालू ओळीचा शेवट रिकामा सोडायचा.

एवढं करूनही १९५६च्या फ्रेममध्ये चंदगड दोन्ही जिल्ह्यांच्या रंगांत एकावर एक दिसतं. आकडे तपासत बसू नका, चूक टप्प्याची (एका फ्रेममागे किती काळ पुढे जायचं त्याची) आहे. टप्पा एक वर्षाचा असला की फ्रेम म्हणजे अख्खं वर्ष, आणि त्या वर्षाला स्पर्श करणारी प्रत्येक ओळ ती दाखवते. टप्पा एक महिन्याचा करा. वरच्या सगळ्या तारखा महिन्याच्या पहिल्याच दिवसाच्या आहेत, त्यामुळे ओळी एकमेकींवर चढत नाहीत. दक्षिणी संस्थानांचं विलीनीकरण मात्र ८ मार्च १९४८चं. त्या महिन्यात गोंधळ राहतोच. जानेवारी १९४८ ते डिसेंबर २०१४ म्हणजे ८०४ फ्रेम. सेकंदाला १२ लावल्या तर एका सेकंदात एक वर्ष, सगळं ६७ सेकंदांत.

एक्सेलमधून आलेल्या तारखा पुष्कळदा मजकूर म्हणून येतात, आणि मग तो रकाना टेम्पोरल टॅबच्या यादीत दिसतच नाही. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डेट प्रकारचा नवा रकाना करून त्यात तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने बदलून घ्या.

चंदगड आणि बेळगाव तालुक्यांची सामाईक हद्द दोनदा आखली तर राज्य बदलताना तिथे पांढरी चीर लुकलुकते. स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या रेषेला चिकटवणं) आणि टोपोलॉजिकल एडिटिंग (सामाईक हद्द एकत्र हलवणं) चालू करून तालुका एकदाच आखा, बाकीच्या ओळींना तोच आकार चिकटवा. जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा छापील नकाशा) खाली ठेवणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १६ अंश अक्षांश मध्ये येत असल्याने बेळगाव ४८ आय क्रमांकाच्या शीटमध्ये आणि निपाणी ४७ एलमध्ये येते. शिवाय ही शीटं एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या पायावर) आहेत. ती थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो पाया) समजून बसवली तर हद्द शंभर मीटरच्या वर सरकते.

उणीव एकच, पण मोठी: ही हालचाल क्यूजीआयएसच्या आतच राहते. अॅनिमेशन एक्स्पोर्ट केलं की पीएनजी चित्रांची रास मिळते, व्हिडिओ एफएफएमपेग या दुसऱ्या प्रोग्रामने वेगळा जोडावा लागतो. बघणाऱ्याने स्वतः काळाची पट्टी सरकवावी असं असेल तर केपलर.जीएल हे नकाशाचं साधन घ्या. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि नकाशा एचटीएमएल फाइल म्हणून देतं. त्याचं टाइम फिल्टर मात्र एकाच तारखेच्या रकान्यावर चालतं. हिडकल धरणाच्या पाणीफुगवट्याचे महिनावार बिंदू तिथे झकास दिसतात, चंदगडच्या तीन ओळींसाठी ते कामाचं नाही. आणि त्या फाइलमध्ये तुमचा सगळा डेटा जसाच्या तसा जातो, तेव्हा खासगी रकाने आधीच काढून टाका.