ऐंशी मुलं, एक दिवस: खाडी, येऊर, कर्नाळा की दोरांचं शिबिर?

ठाणे-नवी मुंबईतल्या शाळेत पाचवी ते नववीची सहल ठरायला लागली की चार नावं हमखास पुढे येतात: ऐरोलीची खाडी, येऊरचं जंगल, कर्नाळा, नाहीतर कर्जत-मुरबाडकडचं एखादं साहस शिबिर. निवड सहसा बसभाड्यावर आणि जेवणाच्या ताटावर होते. त्याआधी एक हिशोब मांडून पाहावा. सहा-सात तासांच्या दिवसात एका मुलाच्या हाताला प्रत्यक्ष किती मिनिटं काम मिळतं? हा आकडा माहितीपत्रकात कुठेच छापलेला नसतो.

दोरांच्या शिबिरात तो सगळ्यात फसवा असतो. कड्यावरून दोराने उतरण्याचा, म्हणजे रॅपलिंगचा एकच दोर लावलेला असेल, तर हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे चढवणं, गाठी आणि दोर अडकवायच्या कड्या, म्हणजे कॅरॅबिनर तपासणं, उतरणं आणि खाली दोर मोकळा करणं यात एका मुलामागे पाच-सहा मिनिटं जातात. ऐंशी मुलांना सहा मिनिटांप्रमाणे ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास लागतील. हातात असतात जेमतेम पाच. मग दुपारनंतर घाई सुरू होते आणि घाईत पहिला बळी जातो तो तपासणीचा. तेव्हा आयोजकाला ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारू नका, ‘रॅपलिंगचे दोर किती आणि प्रत्येक दोरावर माणसं किती?’ असं विचारा. वीस-वीसच्या चार तुकड्या, रॅपलिंगला दोन दोर, शेजारी झिपलाइन (ताणलेल्या तारेवरून लटकत घसरणं), बर्मा ब्रिज (दोरांचा झुलता पूल) आणि नकाशा-होकायंत्राचा खेळ, प्रत्येक ठिकाणी सव्वा तास, हे गणित जमतं. नकाशाचा खेळ भरतीचा वाटतो खरा, पण इतरत्र रांगेत बसलेल्या मुलाला सर्वांत जास्त वेळ काम तोच देतो.

साहित्य पाहायला शिक्षकाला गिर्यारोहक असावं लागत नाही. उतरायचा दोर स्टॅटिक, म्हणजे कमी ताणला जाणारा, साधारण १०.५ ते ११ मिलिमीटर जाडीचा असतो. तो आणि मुलाला वरून धरून ठेवणारा दुसरा सुरक्षादोर, दोन्ही वेगवेगळ्या आधारांना बांधलेले हवेत. दोन्ही एकाच झाडाला किंवा एकाच बोल्टला असतील तर दुसरा दोर असूनही नसल्यासारखाच. कॅरॅबिनर स्क्रू लावून बंद होणारे असावेत. दहा-अकरा वर्षांच्या किडकिडीत मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सर्रास चुकते. त्यांची कंबर आणि नितंब जवळपास एकाच मापाचे असतात, त्यामुळे फक्त कमरेचा हार्नेस असेल तर मूल उलटं होताच तो निसटू शकतो. त्यांना खांद्यांसकट पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. लांब केस, ओढणी आणि जाकिटाच्या लोंबत्या दोऱ्या डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या दोरावरच्या साधनात अडकतात आणि मूल अर्ध्यावर लटकतं. म्हणून केस बांधून हेल्मेटच्या आत घ्यावेत, ओढणी बसमध्येच ठेवावी. हेल्मेटचा पट्टा आवळल्यावर हनुवटीखाली एक बोट जावं, तीन नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणीची प्रत मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि हो, दोरांचं शिबिर हा क्षेत्रअभ्यास नव्हे. सहलीच्या पत्रकात ‘निसर्ग अभ्यास’ असं लिहून मुलांना झिपलाइनवर सोडणं ही पालकांची फसवणूक आहे. धीर, सांघिकपणा, भीतीशी ओळख हे त्याचं खरं देणं आहे आणि ते कमी नाही.

खाडीचा पर्याय याच्या अगदी उलट. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र वनविभागाच्या कांदळवन कक्षाने उभं केलेलं आहे. शेजारचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र जवळपास १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ठाण्याहून किंवा वाशीहून बस अर्ध्या-पाऊण तासात पोचते, म्हणजे इतर पर्यायांत रस्त्यावर जाणारे दोन-तीन तास इथे मुलांच्या वाट्याला येतात.

इथे दिवस बिघडतो तो भरती-ओहोटीमुळे. फ्लेमिंगो पाहायला नेणारी नाव पाणी असेल तेव्हाच जाते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. आणि सहलीची तारीख ठरते शाळेच्या वेळापत्रकावरून! कोळी बांधवांचा जुना हिशोब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असते आणि सकाळी दहाची नावेची वेळ मागून काही उपयोग नसतो. त्रयोदशी ते द्वितीया या दिवसांत भरती साधारण पावणेदहा ते दीडच्या दरम्यान येते, शाळेला हेच दिवस सोयीचे. हा अंदाज मुंबई बंदराचा आहे. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला त्याहून उशीर लागतो, म्हणून तारीख पक्की करण्याआधी केंद्राकडून त्या दिवसाची वेळ लिहून घ्या. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत असतात, पण सहलीसाठी जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पुढे उन्हाचा त्रास वाढतो.

ऐंशी मुलं एकदम नावेत मावत नाहीत. त्यामुळे काठावर थांबलेल्या तुकडीला काय काम द्यायचं हे घरून ठरवूनच निघावं लागतं. कांदळवनातल्या लाकडी पायवाटेवर कठड्याच्या दोन खांबांमधलं अंतर मोजायचं, तेवढ्या रुंदीच्या पट्टीत तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं मोजायची, मग पाण्याच्या जवळ आणि पाण्यापासून लांब अशा दोन जागांचे आकडे ताडून पाहायचे. तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात. ते झाडावरच पाहायचे, पान तोडायचं नाही. चिखलात निवटी हे छोटे मासे उड्या मारताना आणि एक नांगी मोठी असलेला खेकडा ती हलवताना दिसतो. त्यासाठी पाच मिनिटं न बोलता उभं राहावं लागतं, आणि एवढी परीक्षा कुठल्याही दोरावर होत नाही.

पाण्याचा गढूळपणा मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, तिचे चार भाग आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, मधून दोरी ओवा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरला खूण करा. केंद्राच्या माणसाच्या परवानगीने ती जेट्टीवरून सोडायची. चकती दिसेनाशी होते तिथली खोली नोंदवायची, मग वर ओढताना पुन्हा दिसते तिथली, आणि दोन्हींची सरासरी काढायची. चकतीखाली वजन बांधलं नाही तर प्रवाहात ती तिरकी जाते आणि खोली खरीपेक्षा जास्त नोंदली जाते. बहुतेक शाळांची चूक नेमकी हीच.

नावेत मोजणीची पद्धत आधी शिकवा. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यांत पकडायची आणि थव्यात अशा किती जागा आहेत ते पाहायचं. गुलाबी आणि राखाडी वेगळे लिहायचे, कारण राखाडी ती पिल्लं. दोन तुकड्यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा वर्गात परतल्यावर चांगला वाद होतो. चार मुलांमागे एक ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. जीवरक्षक जॅकेट घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठ्या मापाचं आहे, मुलाला चालणार नाही.

येऊर ठाणेकरांच्या अगदी दाराशी आहे, म्हणूनच त्याकडे हलक्यात पाहिलं जातं. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा भाग आहे. वनखात्याची लेखी परवानगी आणि सोबत वाटाड्या असल्याशिवाय ऐंशी मुलं तिथे नेऊ नयेत. मात्र सातवी-आठवीसाठी हाताला सर्वांत जास्त मिनिटं हेच ठिकाण देतं. चाळीस मीटर दोरी घ्या, दर दहा मीटरला गाठ मारा आणि १० मीटर × १० मीटरचा चौकोन आखा. चारही बाजू दहाच्या असल्या तरी चौकोन तिरका होऊ शकतो, म्हणून कर्ण मोजा: तो १४ मीटर १४ सेंटिमीटर आला पाहिजे. मग आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर शिंप्याच्या टेपने मोजायचा. उतारावरच्या झाडाची उंची चढाच्या बाजूने धरायची. साग, ऐन, काटेसावर, पळस ओळखायला अर्धा तास पुरतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, मुलं ती एकदा हात लावली की विसरत नाहीत. सहा जणांच्या गटाला एक चौकोन आणि त्यात दोन तास काम. दोरांच्या शिबिरात एका मुलाला दिवसभरात मिळतो त्याच्या कितीतरी पट वेळ.

धोका बिबट्याचा सांगितला जातो आणि तो आहेच, म्हणून सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर आत राहू नये. शेवटचं मूल एकटं मागे राहू नये, रांगेच्या शेवटी मोठं माणूस असावं. तरी दिवसाउजेडी जास्त सावध राहायचं ते पालापाचोळ्यात हात घालण्यापासून, कारण घोणस आणि फुरसं पाचोळ्यात सहज दिसत नाहीत. पायात बंद बूट, पाचोळा हलवायला काठी. सर्पदंश झालाच तर पाय हलू न देता थेट सर्पविषावरची लस असलेलं रुग्णालय गाठायचं. ते कुठलं, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवावं. चिरा देणं, घट्ट दोरी आवळणं अजिबात नाही.

कर्नाळ्याबद्दल थोडक्यात. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. पक्षी दिसतात ते उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि ठाण्याहून शाळेची बस तिथे साडेआठला पोचते. ऐंशी मुलांच्या आवाजात तांबट लांबून ऐकू येईल, भृंगराज दिसणार नाही. तीस मुलांचा निसर्गमंडळाचा गट असेल आणि पहाटे पाचला निघायची तयारी असेल तर मात्र उत्तम. किल्ल्यावरच्या सुळक्याला आग्या मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा यांना तिथे थारा नाही. आठवीच्या खालच्या वर्गांना किल्ल्यावर नेण्यापेक्षा खालच्या पायवाटांवरच ठेवावं.

तेव्हा पाचवी-सहावीसाठी खाडी, सातवी-आठवीसाठी येऊर, नववीसाठी दोरांचं शिबिर आणि तेही मुक्कामी, असा आमचा कल आहे. सकाळी खाडी आणि दुपारी झिपलाइन असं कडबोळं करू नये, दोन्हीकडे फक्त रांगा होतात. पावसाळ्यात तर यातलं काहीच नको, खारघरच्या पांडवकड्यासारखे धबधबे तर मुळीच नकोत.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं किमान तीन आठवडे आधी हातात असावीत. एसटी शालेय सहलीला भाड्यात सवलत देते, पण हंगामात गाड्या लवकर संपतात, म्हणून आगारात अर्ज नोव्हेंबरमध्येच टाकावा. संमतिपत्रावर दमा, आकडी, मधमाशीची अ‍ॅलर्जी आणि रोजची औषधं यांचे वेगळे रकाने हवेत. ‘काही आजार आहे का?’ या एका ओळीवर बहुतेक पालक ‘नाही’ लिहून मोकळे होतात.