नेटवर्क बूट की तयार इमेज? व्हीएमची आपोआप उभारणी अडते तेव्हा

होस्टच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनच्या, आतल्या खासगी ब्रिजवर (आभासी स्विचवर) व्हीएम (आभासी मशीन) आपोआप उभ्या करायच्या म्हटलं की दोन रस्ते समोर येतात. एक जुना आणि मळलेला: रिकामी व्हीएम नेटवर्कवरून बूट होते, पीएक्सईने, म्हणजे नेटवर्क बूटच्या पद्धतीने, इन्स्टॉलर ओढते आणि किकस्टार्ट, प्रीसीड किंवा ऑटोइन्स्टॉलच्या (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेल्या) फाइलवरून स्वतःला घडवते. दुसरा रस्ता डिस्ट्रोने (लिनक्स वितरणाने) दिलेल्या तयार क्लाउड इमेजचा: मूळ इमेजवर क्यूकाउ२ या डिस्क-फाइल प्रकारातली, फक्त बदल साठवणारी एक पातळ थर-डिस्क घ्यायची, सोबत आपल्या सूचनांची छोटीशी आयएसओ जोडायची आणि बाकीचं क्लाउड-इनिटवर, म्हणजे पहिल्या बूटला त्या सूचना अमलात आणणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवायचं. दोन्ही रस्ते मी वापरले आहेत, एक आजही थोडाफार वापरतो.

कोणता वेगवान, कोणाला किती डिस्क लागते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इमेजचा रस्ता वेगवान आहे, त्यात वाद नाही. पण निवड त्यावर करू नये असं मला वाटतं. सगळं सुरळीत चालतं त्या दिवशी दोन्ही सारखेच गोड वाटतात. नवी व्हीएम वर येत नाही, पिंगला उत्तर नाही, आणि कुठे अडलंय ते शोधायचंय, त्या दिवशी दोघांत फरक पडतो.

आधी पीएक्सईची बाजू, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. डिस्कचं विभाजन, एलव्हीएम (डिस्कचे लवचिक विभाग), वेगळं व्हार (लॉग वगैरेंचं फोल्डर), हवी तीच पॅकेजेस, सगळं आपल्या एका फाइलीत लिहिलेलं असतं. तीच फाइल उद्या खऱ्या लोखंडी सर्व्हरला लावता येते. शिवाय मशीन कोणी, कधी, काय हाताने बदललं हा प्रश्नच उरत नाही, प्रत्येक वेळी शून्यातून सुरुवात.

पण साखळी लांब आहे. फर्मवेअर डीएचसीपीकडे, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे, पत्ता मागतं, सोबत बूट फाइलचं नाव मिळतं, टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतुकीवरून ती फाइल येते, मग कर्नल आणि इनिटरॅमएफएस (मेमरीतली सुरुवातीची छोटी सिस्टम), मग एचटीटीपीवरून उत्तरांची फाइल, मग पॅकेजेस. प्रत्येक कडी वेगळ्या प्रोग्रामच्या ताब्यात आणि प्रत्येकाची तक्रार करण्याची पद्धत वेगळी. काहींची तर तक्रारच न करण्याची.

खासगी नेटवर्कवर सगळ्यात जास्त सापडणारी भानगड दोन डीएचसीपींची. लिनक्सवर व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या डीफॉल्ट नेटवर्कवर, म्हणजे १९२.१६८.१२२.० वाल्या व्हीआयआरबीआर० ब्रिजवर, त्याचा स्वतःचा डीएनएसमास्क (छोटा डीएचसीपी-डीएनएस सर्व्हर) आधीपासून पत्ते वाटत असतो. आपण त्याच ब्रिजवर एका व्हीएममध्ये आपला डीएचसीपी बसवतो आणि मग जो आधी उत्तर देईल तो जिंकतो. कधी बूट होतं, कधी होत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्ली नेटवर्कवरही असाच एक डीएचसीपी सर्व्हर बसलेला असू शकतो. इथे पडद्यावरचा कोड नीट वाचावा. पीएक्सई-ई५१ म्हणजे कोणीच उत्तर दिलं नाही. पीएक्सई-ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव मिळालं नाही, आणि खासगी नेटवर्कवर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘उत्तर भलत्यानेच दिलं’ असा निघतो.

उपाय दोन. नेटवर्कच्या एक्सएमएलमधून डीएचसीपीचा भाग काढून टाकायचा, किंवा उलट लिबव्हर्टच्याच डीएनएसमास्कला टीएफटीपीची जागा आणि बूट फाइलचं नाव सांगून सगळं काम त्याच्यावर टाकायचं. मला दुसरा जास्त पटतो, डीएचसीपीसाठीची एक व्हीएम कमी होते. पहिला करायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा की बदल लागू करायला नेटवर्क बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, आणि त्यात चालू असलेल्या व्हीएम ब्रिजवरून सुटतात. त्यांना पुन्हा जोडेपर्यंत किंवा बंद करून सुरू करेपर्यंत त्या अधांतरी राहतात. मग नव्या व्हीएमचं दुखणं सोडून जुन्यांच्याच मागे धावायची वेळ येते.

पीएक्सई-ई३२, म्हणजे टीएफटीपीचा टाइमआउट, आला तर फायरवॉल बघा. विनंती यूडीपी ६९ वर जाते, पण डेटा सर्व्हर दुसऱ्याच पोर्टवरून पाठवतो, त्यामुळे नुसतं ६९ उघडून दरवेळी भागत नाही. आणि व्हीएम यूईएफआयवर (बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरवर) असेल तर पीएक्सलिनक्स.० ही बायोसची बूट फाइल देऊन उपयोग नाही, तिला ईएफआयची फाइल हवी. क्लायंट आपली जात, म्हणजे बायोस की यूईएफआय, डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये सांगत असतो, त्यावरून फाइल निवडण्याचा नियम लिहावा. ब्रिजवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं साधन) लावून पोर्ट ६७, ६८ आणि ६९ बघत बसलं की यातलं बहुतेक उलगडतं. इथपर्यंत पीएक्सईबद्दल माझी तक्रार नाही. त्रास आहे, पण डोळ्यांना दिसणारा त्रास आहे.

माझं मन फिरलं ते पुढच्या टप्प्यावर. इन्स्टॉलर एकदा सुरू झाला की तो मेमरीत राहतो आणि त्याचे लॉगही मेमरीतच. ॲनाकोंडा, म्हणजे रेड हॅट घराण्याचा इन्स्टॉलर, ते टेम्प फोल्डरमध्ये लिहितो आणि इन्स्टॉल पूर्ण झालं तरच डिस्कवर व्हार-लॉगखाली त्यांची प्रत ठेवतो. म्हणजे सगळं नीट झालं तर पुरावा शिल्लक, आणि फसलं तर व्हीएम रीबूट होताच पुरावा साफ. पंचनाम्याला जावं तर जागाच धुऊन काढलेली.

एक ठोस उदाहरण देतो, कारण हे बऱ्याच जणांना भेटतं. व्हीएमला मेमरी कमी दिली आहे, समजा १ जीबी, आणि रेड हॅट घराण्यातलं वितरण नेटवर्कवरून बसवायचं आहे. इन्स्टॉलरची स्क्वॅशएफएस (दाबून लहान केलेली) इमेज मेमरीतच उतरवली जाते. जागा पुरत नाही, ती उतरवणारं कर्ल २३ क्रमांकाची चूक देऊन लिहिणं थांबवतं. ही ओळ क्षणभर दिसते आणि वर सरकून जाते. नंतर ड्रॅकट (इनिटरॅमएफएसमधला बूट पुढे नेणारा प्रोग्राम) आपल्या इनिटक्यूच्या, म्हणजे वाट पाहण्याच्या टप्प्याच्या, टाइमआउटचा तोच इशारा पुन्हा पुन्हा छापत राहतं आणि शेवटी रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टम, सापडत नाही म्हणून इमर्जन्सी शेलमध्ये टाकून देतं. पडद्यावर उरलेल्या ओळी वाचून कोणीही नेटवर्ककडे किंवा मिररकडे, म्हणजे पॅकेजेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरकडे, बोट दाखवेल. खरं कारण मेमरी. व्हीएमला मेमरी वाढवून दिली की तीच फाइल, तेच नेटवर्क, आणि इन्स्टॉल मुकाट्याने पुढे सरकतं.

याच्या जोडीला रीबूटचं चक्र. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं ठेवलं असेल तर इन्स्टॉल संपून व्हीएम रीबूट होते, पुन्हा नेटवर्कवरून उठते आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला लागते. डिस्कवर उतरलेले लॉगही त्यात पुसले जातात. बाहेरून बघणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की ‘अजून चालूच आहे’. डिस्क पहिली आणि नेटवर्क दुसरं ठेवलं की प्रश्न बराचसा मिटतो, कारण रिकाम्या डिस्कवरून बूट होत नाही आणि पाळी आपसूक नेटवर्कवर येते.

यावर इलाज नाहीत असं नाही, उगाच अन्याय नको. ॲनाकोंडाचे लॉग दुसऱ्या मशीनच्या सिसलॉगकडे (लॉग गोळा करणाऱ्या सेवेकडे) वळवता येतात, व्हर्टआयओच्या (व्हीएमच्या आभासी उपकरणाच्या) पोर्टमधून थेट होस्टवर घेता येतात, एसएसएचही उघडता येतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये चौथ्या कन्सोलवर सिसलॉग वाहताना दिसतो. पण हे सगळं आधी मांडून ठेवावं लागतं, आणि आपण ते मांडतो कधी? एकदा हात पोळल्यावर.

आता इमेजचा रस्ता. इथेही व्हीएम मुक्याने रुसते, किंबहुना जास्तच. जोडलेल्या आयएसओचं लेबल ‘सीआयडेटा’ हेच हवं. ते चुकलं तर क्लाउड-इनिटला सूचनांचा स्रोत सापडत नाही आणि ते सरळ निष्क्रिय राहतं. व्हीएम छान बूट होते, लॉगिनचा प्रॉम्प्ट येतो, आणि आत शिरायला ना पासवर्ड, ना एसएसएचची किल्ली. जुन्या इमेजेस त्याआधी १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर (क्लाउडमध्ये मशीनची माहिती देणाऱ्या सेवेच्या) मेटाडेटा मागत १२० सेकंद ताटकळतात, आपल्या खासगी नेटवर्कवर त्या पत्त्याला उत्तर देणारं कोणीही नसताना. यूजर-डेटाची, म्हणजे आयएसओतल्या आपल्या सूचनांच्या फाइलची, पहिली ओळ, ती हॅशने सुरू होणारी क्लाउड-कॉन्फिगची, राहिली तर सगळी फाइल दुर्लक्षित होते आणि लॉगमध्ये एक इशारा तेवढा पडतो.

पण तो इशारा डिस्कवर असतो, आणि माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. व्हीएम बंद करायची, होस्टवरून व्हर्ट-कॅट वापरून तिच्या डिस्कमधला क्लाउड-इनिटचा लॉग वाचायचा. लॉगिन नको, नेटवर्क नको, बूट होण्याचीही गरज नाही. कोणता स्रोत तपासला, कोणत्या टप्प्यावर अडलं, कोणती कमांड काय म्हणाली, सगळं ओळीने. थर-डिस्क फेकायची, यूजर-डेटा दुरुस्त करायचा, नवी थर-डिस्क घ्यायची, पुन्हा सुरू. त्याच डिस्कवर नुसतं रीबूट करून बघणाऱ्यांना मात्र बदल दिसत नाही, कारण आयएसओतल्या मेटा-डेटा फाइलमधला इन्स्टन्स-आयडी, म्हणजे त्या व्हीएमची खूण, तोच असेल तर क्लाउड-इनिटच्या लेखी ही जुनीच मशीन, तिचं काम आधीच झालेलं. फाइलच्या मांडणीतल्या चुका तर क्लाउड-इनिटची स्कीमा (मांडणीच्या नियमांची) तपासणी व्हीएम सुरू करण्याआधीच पकडते.

इमेजच्या खोड्या लपवत नाही. मूळ इमेज एकदा बूट करून, हाताने चार गोष्टी टाकून तिच्याच प्रती काढल्या की मशीन-आयडी (त्या मशीनची एकमेव ओळख) सगळीकडे सारखा जातो. सिस्टमडीचा नेटवर्कडी, म्हणजे नेटवर्क सांभाळणारा भाग, डीएचसीपीसाठीची ओळख त्याच आयडीवरून बनवतो, त्यामुळे मॅक पत्ते वेगळे असूनही दोन व्हीएमना एकच आयपी मिळू शकतो. एसएसएच कधी या मशीनवर नेतं, कधी त्या, आणि होस्ट-कीच्या, म्हणजे एसएसएच मशीन ओळखतं त्या किल्लीच्या, तक्रारी सुरू होतात. एसएसएचच्या होस्ट-कीही मूळ इमेजमधून तशाच आल्या असतील तर तक्रारही होत नाही, ते आणखी वाईट.

दुसरी खोड: पॅकेजेस आणता आली नाहीत तरी बूट थांबत नाही. खासगी नेटवर्कला बाहेरचा रस्ता नसेल किंवा डीएनएस गंडलेलं असेल तर व्हीएम वर येते, एसएसएच लागतं, आणि आत अर्धीच उभारणी झालेली असते. पीएक्सईचा इन्स्टॉलर अशा वेळी निदान अडून बसतो, हा गुण त्याचा. म्हणून पुढे ॲन्सिबल (मशीन आपोआप जुळवणारं साधन) चालवणार असाल तर आधी क्लाउड-इनिटच्या स्टेटस कमांडला थांबायला सांगा आणि तिने चूक परत केली तर पुढे जाऊच नका. तिसरी गोष्ट विभाजनाची. रूट विभाग आपोआप वाढतो, पण वेगळं व्हार किंवा गुंतागुंतीचा एलव्हीएम हवा असेल तर तयार इमेजशी झटापट करावी लागते.

तेव्हा तुमच्या व्हीएम ही उद्याच्या खऱ्या सर्व्हरांची रंगीत तालीम असेल, किंवा इन्स्टॉलची प्रक्रियाच तपासायची असेल, तर पीएक्सई घ्या, मी अडवणार नाही. लॉग बाहेर काढण्याची सोय तेवढी पहिल्या दिवशी करा. नाहीतर, माझ्या अनुभवापुरतं बोलायचं तर, इमेज आणि क्लाउड-इनिट बरं. विशेषतः नेटवर्क एकट्याने सांभाळणाऱ्याला.

विभाजन आपल्या मनासारखं हवंच असेल तर मधला मार्गही आहे. किकस्टार्टने एकदाच एक व्हीएम घडवायची आणि तिचीच मूळ इमेज करून पुढच्या सगळ्या तिच्यावरून काढायच्या. पॅकर नावाचं साधन हेच काम करतं. मी स्वतः आता पीएक्सईला एवढ्यापुरतंच बोलावतो. फक्त ती व्हीएम बंद करण्याआधी क्लाउड-इनिटची क्लीन कमांड लॉगसकट चालवा, एसएसएचच्या होस्ट-की काढा, आणि मशीन-आयडीची फाइल पुसून न टाकता तशीच ठेवून आतून रिकामी करा. पुढच्या बूटला सिस्टमडी त्यात नवा आयडी लिहितो.