जेवणाच्या डब्यासोबत रंगांची डबी: कॉटमन पॉकेट बॉक्स

नोकरी सांभाळून चित्र काढणाऱ्यांचं घोडं उत्साहापेक्षा मांडामांडीपाशी जास्त अडतं. रात्री साडेआठला घरी पोचायचं, टेबल रिकामं करायचं, ट्यूब पिळायच्या, दोन भांडी पाणी आणायचं आणि शेवटी सगळं धुऊन ठेवायचं. वीस मिनिटं रंगवण्यासाठी एवढा खटाटोप आठवडाभर कोण करणार? म्हणून विन्सर अँड न्यूटन या रंगकंपनीचा जलरंगांचा 'कॉटमन स्केचर्स पॉकेट बॉक्स' तपासताना रंगांच्या तेजाआधी एकच गोष्ट पाहावी. बॅगेतून काढल्यापासून कागदावर पहिला रंग पडेपर्यंत किती वेळ जातो? या डबीला अर्धा मिनिट पुरतो, आणि आवरायलाही तेवढाच.

तळहातावर मावणाऱ्या या प्लास्टिकच्या डबीत १२ हाफ पॅन, म्हणजे रंगाच्या छोट्या वड्या, आणि एक बुटका ब्रश असतो. झाकणातल्या खळग्यांत रंग कालवायचे. कॉटमन ही विद्यार्थी श्रेणी आहे. काही रंगांच्या नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असतं, याचा अर्थ मूळच्या महाग रंगद्रव्याच्या जागी स्वस्त पर्याय वापरलाय. सरावाला त्याने काही बिघडत नाही, फक्त 'व्हिरिडियन ह्यू'ला जपा. ते प्रत्यक्षात थॅलो ग्रीन, म्हणजे फार तीव्र हिरवं रंगद्रव्य आहे. ब्रशाच्या टोकाला चिमूटभर लागलं तरी सगळं आभाळ हिरवं होतं. मात्र ॲलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगात मिसळलं की छान गडद काळा मिळतो, त्यामुळे वेगळा काळा नसल्याचं अडत नाही. निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना मिळून जो करडा होतो, तो आपल्या पावसाळी ढगांसाठीच बनवलाय असं वाटतं.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. चायनीज व्हाइटची वडी जवळपास फुकट गेलेली जागा आहे, कारण जलरंगात पांढरा म्हणजे मोकळा सोडलेला कागद. शिवाय हा पांढरा चुकून दुसऱ्या रंगात गेला की तो रंग दुधाळ होतो. ती वडी काढून तिथे पर्मनंट रोज हा गुलाबी रंग बसवा, जांभळे आणि गुलाबी रंग सुधारतात. दुसरं म्हणजे सोबतचा ब्रश. बारीक कामाला ठीक, पण आकाश भरायला घेतलं तर अर्ध्यात पट्टे उमटतात. ८ नंबरचा गोल ब्रश किंवा दांड्यात पाणी भरायचा वॉटरब्रश वेगळा घ्यावाच लागतो. वॉटरब्रश अर्धवट भरू नका. उन्हात आतली हवा फुगते आणि टोकातून पाणी बाहेर ढकलते. पूर्ण भरा आणि बॅगेत टोक वर करून ठेवा, नाहीतर कार्यालयीन कागदांवर निळं तळं होतं. नव्या झाकणात रंग पसरत नाही, थेंब होऊन गोळा होतो. टूथपेस्ट लावून दोन-तीनदा घासलं की ही खोड जाते.

आता मुख्य मुद्दा. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं एका पूर्ण चित्राला पुरत नाहीत, आणि बरेच जण इथेच हार मानतात. पण जलरंगाला दोन थरांमध्ये वाळायला वेळ लागतोच, म्हणून चित्र दिवसांवर वाटून टाका. रविवारी ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, ए४ कागदाचे चार तुकडे करा, कडांना मास्किंग टेप लावा आणि पेन्सिलीची रेखाटनं उरकून ठेवा. सोमवारी सुट्टीत फक्त आकाश आणि फिकट रंग, मंगळवारी मधल्या छटा, बुधवारी सावल्या. मधल्या रात्री वाळवणाच्या. दिवसाला पंधरा मिनिटं लागतात, आणि 'आज काय काढू' हा प्रश्न रविवारीच सुटलेला असल्याने टाळायला निमित्त उरत नाही. घाई केली तर ओलसर रंगात पाणी शिरून फ्लॉवरच्या कडेसारखा वेडावाकडा डाग पडतो. बोटांची मागची बाजू कागदाला लावून पाहा, गार लागला तर तो अजून ओला आहे. टेप काढतानाही कागद कोरडाच हवा. ती चित्रापासून बाहेरच्या बाजूला, सावकाश, जवळपास आडवी ओढली की कागदाचा पापुद्रा निघत नाही. कागदावर मात्र कंजुषी नको. पातळ कागद पोळीसारखा फुगतो आणि मग दोष रंगांना दिला जातो.

वडी संपली की नवी वडी किंवा ट्यूब, दोन्ही चालतं. ५ मिलिच्या ट्यूबमध्ये साधारण दोन हाफ पॅन भरतात. एकदम काठोकाठ भरू नका, वाळताना रंग आकसून भेगा पडतात. एक तृतीयांश भरा, दोन दिवस वाळू द्या, मग पुढचा थर. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हेच काम आठवडा खातं, त्यामुळे ते मे महिन्यातच उरकलेलं बरं. पावसाळ्यात ओली डबी बंद केली तर वड्यांवर बुरशी येते. वरचा थर ओल्या कापसाने पुसून काढा आणि डबी रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा.

आयात माल असल्याने किंमत दुकानागणिक बदलते, दोन ठिकाणी विचारा. परवडत नसेल तर रिकामे हाफ पॅन आणि देशी ट्यूब घेऊन जुन्या मिंटच्या पत्र्याच्या डबीत असाच संच जमवता येतो, पॅनच्या तळाला चुंबकाची पट्टी चिकटवली की झालं. २४ किंवा ४८ रंगांच्या पेटीचा मोह मात्र टाळा. तीत रंग निवडण्यातच सुट्टी संपते. पोस्टकार्डापेक्षा मोठं काम करणाऱ्यांना ही डबी तोकडी पडेल, कारण झाकणातल्या खळग्यात एका मोठ्या आकाशाला पुरेल एवढा रंग मावतच नाही.